वसंतांतील विसावा आणि रेगे संगीत

परीक्षेच्या दिवसांत मुलांनीं गाणीं ऐकावीं किंवा ऐकूं नयेत, हा प्रश्न फाल्गुन मास लागला म्हणजे दरसाल आमच्यापुढें येतो. यंदां त्याला एक नवें शेंपूट जोडलें गेलें आहे. आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी 'रेगे' नांवाचें संगीत ऐकतात. मोबाईलवर 'वसंत ऋतूंत मनास विसावा देणारें रेगे' अशा अर्थाचे मथळे घातलेले तास-दोन तासांचे गाण्यांचे संग्रह आयते मिळतात. ते लावून द्यावयाचे, इयरफोन कानांत घालावयाचे आणि भूमितीचे सिद्धांत पाठ करावयास बसावयाचें, असा त्यांचा परिपाठ आहे. पालक म्हणतात, हें गांजेकसांचें संगीत आहे, तें घरांत नको. मुलें म्हणतात, यानें डोकें थंड राहतें, त्यांत वाईट तें काय? आम्हीं दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकून घेतलें आणि तें संगीतही स्वस्थपणें बसून ऐकलें. ऐकल्यावर आमचें असें मत झालें कीं, पालक ज्या कारणासाठीं तें नाकारितात तें कारण लंगडें आहे, आणि मुलें ज्या कारणासाठीं तें स्वीकारितात तेंही तितकेंच लंगडें आहे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें.

प्रथम आपल्या वसंताविषयीं. इंग्रजी क्रमिक पुस्तकांतील वसंत म्हणजे वितळणारें बर्फ, हिरवळ आणि कोंवळें ऊन. सोलापूरचा वसंत तसा नाहीं. हुरड्याची चव जिभेवर आहे तोंच ज्वारीची काढणी होऊन शेतें मोकळीं पडतात, निष्पर्ण पळसावर केशरी फुलें येतात, कडुनिंबाचा मोहोर रस्त्यावर सांडतो, आणि पाडव्यास त्याचीं पानें चघळावयाची वेळ येते तों पारा चाळिसाच्या घराशीं जाऊन पोंचलेला असतो. नेमक्या याच दिवसांत शालान्त परीक्षा! रात्रीं नऊ वाजले तरी घरावरचे पत्रे निवालेले नसतात. शहराच्या पूर्वभागांत यंत्रमागांची खटखट चालूच असते. त्या खटखटीला ठेका आहे, परंतु विसावा नाहीं. प्रत्येक ठोका मागच्या ठोक्याइतकाच कठोर. ती खटखट ज्याच्या उशाशीं चालते त्या मुलास कांहीं मऊ ऐकावेंसें वाटलें तर आम्ही त्याला दोष देणार नाहीं. जुन्या गवयांनींही या ऋतूसाठीं वसंत, बहार, हिंदोल असे राग योजून ठेविले आहेत.

आतां नकाशा उघडा. सोलापूर शहर सुमारें १७ अंश ४० कला उत्तर अक्षांशावर आहे. तीच रेघ धरून पश्चिमेस अरबी समुद्र, अरबस्तान, आफ्रिका व अटलांटिक महासागर ओलांडीत गेलें म्हणजे कॅरिबियन समुद्रांत जमेका नांवाचें बेट लागतें. त्याची राजधानी किंग्स्टन १८ अंशांच्या किंचित् खालीं आहे. म्हणजे सूर्य दोन्ही शहरांच्या माथ्यावर जवळजवळ एकाच सुमारास येतो. त्यांस समुद्राचा वारा आहे आणि आपणांस नाहीं, एवढाच भेद. रेगेचा जन्म या बेटांत झाला. १९६० नंतरच्या वर्षांत तेथें 'स्का' नांवाचें द्रुत गतीचें नृत्यसंगीत लोकप्रिय होतें. १९६६ च्या सुमारास त्याची चाल मंदावली व लोक त्यास 'रॉकस्टेडी' म्हणूं लागले. पुढें १९६८ सालीं 'मेटल्स' या गायकमंडळीच्या एका ध्वनिमुद्रिकेच्या नांवांत 'रेगे' हा शब्द आला आणि तोच रूढ झाला. चाल कां मंदावली, याविषयीं तेथें एक आख्यायिका सांगतात: १९६६ चा उन्हाळा इतका कडक झाला कीं, नाचणारांस द्रुत चाल झेपेना, म्हणून वादकांनीं ती उतरविली. आख्यायिका ती आख्यायिकाच. परंतु सोलापूरच्या माणसाला ती पटावयास वेळ लागत नाहीं.

या संगीतानें विसावा कां वाटतो, हें बाकावर बोटें वाजवून दाखवितां येतें. एक, दोन, तीन, चार असे सावकाश मोजा. आपली संवय पहिल्या आंकड्यावर जोर देण्याची. आपली सम तेथेंच असते. रेगेच्या सर्वांत प्रसिद्ध ठेक्याला 'वन ड्रॉप' म्हणतात. त्यांत पहिल्या मात्रेवर ढोल वाजतच नाहीं. ती जागा रिकामी सोडलेली असते. ढोलाचा मुख्य आघात तिसऱ्या मात्रेवर पडतो, गिटारीचे तुटक झणत्कार दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर येतात, आणि या सर्वांच्या खालून खर्जांतील बेस गिटार आपल्याशींच बोलल्यासारखी चालत असते. बॉब मार्ले याचा ढोलवादक कार्लटन बॅरेट हा या ठेक्यासाठीं विशेष नांवाजलेला होता. ज्या मुलांनीं तबल्याचे धडे घेतले आहेत त्यांस 'खाली' ठाऊक आहे. त्रितालांत नवव्या मात्रेवर डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि ताल क्षणभर हलका होतो. आपण जो हलकेपणा तालाच्या मध्यावर ठेविला तो जमेकाच्या लोकांनीं तालाच्या उंबरठ्यावरच ठेविला. त्यांतच पुष्कळशा रेगेची चाल मिनिटास सत्तर-ऐंशी मात्रांची, म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाच्या नाडीच्या जवळपासची. अंग आपोआप सैल पडतें. यंत्रमागाला एखादा ठोका गाळण्याची मुभा नसते. येथें सारी गोडी तो एक ठोका गाळण्यांत आहे.

येथपर्यंत मुलें आमच्याशीं सहमत असतील. परंतु हा गाळलेला ठोका कोणत्या लोकांनीं आणि कोणत्या स्थितींत शोधून काढिला, हें ज्यानें विचारिलें नाहीं त्यानें रेगे अर्धेंच ऐकलें. जमेका बेट १६५५ सालीं इंग्रजांनीं स्पेनकडून घेतलें. उंसाच्या मळ्यांवर राबण्यासाठीं आफ्रिकेंतून लाखों माणसें गुलाम करून तेथें नेण्यांत आलीं. गुलामगिरी कायद्यानें १८३४ त उठली आणि खरी मोकळीक १८३८ त मिळाली. मग मळ्यांस मजूर पाहिजेत म्हणून १८४५ सालापासून हिंदुस्थानांतून करारबद्ध मजुरांचीं जहाजें तिकडे जाऊं लागलीं. १९६२ च्या ऑगस्टांत बेट स्वतंत्र झालें, तरी किंग्स्टनच्या पश्चिमेकडील गरीब वस्त्यांतलें दारिद्र्य होतें तेथेंच राहिलें. त्या वस्त्यांत हें संगीत घडलें. ज्यांस कोणीं विसावा दिला नाहीं त्यांनीं तो आपल्या तालांत करून घेतला.

मिशनशाळेच्या वार्षिकांत एका गोष्टीचा उल्लेख अंमळ विस्तारानें करणें आम्हांस प्राप्त आहे. किंग्स्टन शहरांत 'अल्फा बॉइज स्कूल' नांवाची एक शाळा होती. तिचें मूळ १८८० सालच्या एका लहानशा अनाथालयांत आहे. पुढें 'सिस्टर्स ऑफ मर्सी' या रोमन कॅथॉलिक धर्मभगिनींनीं ती चालविली. अनाथ, निराधार आणि घरच्यांस न आवरणारीं मुलें तेथें येत. त्यांस शिवणकाम, सुतारकाम, छापखान्याचें काम शिकवीत. आणि त्यांचा एक बँड होता. कर्णे, ट्राँबोन, सॅक्सोफोन हीं वाद्यें हातीं घेऊन तीं मुलें स्वरलिपी वाचावयास शिकत. सिस्टर मेरी इग्नेशियस डेव्हीस (१९२१–२००३) या बाईंनीं तेथें अनेक वर्षें मुलांस सांभाळिलें. त्यांस संगीताचें मोठें वेड. त्यांच्यापाशीं ध्वनिमुद्रिकांचा भला मोठा संग्रह होता, आणि त्या तो मुलांस ऐकवीत असत. १९६४ सालीं 'स्कॅटलाइट्स' नांवाचा जो वादकसंघ निघाला त्यांतील टॉमी मॅकूक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर आणि लेस्टर स्टर्लिंग हे चौघेही या शाळेचे विद्यार्थी. बॉब मार्लेच्या मंडळीची जी पहिली ध्वनिमुद्रिका गाजली तिला याच संघाची साथ होती. ज्या बँडांत कवाइतीच्या व उपासनेच्या चाली शिकविल्या जात, त्या बँडांतून असें कांहीं निघेल हें शिकविणारांच्या स्वप्नींही नसेल. मुलांच्या हातीं वाद्य दिलें म्हणजे तीं त्यांतून काय वाजवितील याचा हिशेब आधीं मांडितां येत नाहीं, आणि तो मांडावा असें आम्हांस वाटतही नाहीं. 'दहावीच्या वर्गास बँडचा तास कशाला, तो गणिताला द्या,' अशी सूचना पालकांच्या सभेंत अधूनमधून ऐकूं येते. त्या प्रसंगीं आम्हांस अल्फाची आठवण होते.

आतां मुलांच्या पक्षाकडे वळूं. १९७० सालीं जमेकांतील 'मेलोडियन्स' या त्रयीनें एक गाणें ध्वनिमुद्रित केलें. १९७८ त 'बोनी एम' या युरोपांतील मंडळीनें तेंच गाणें नाचाच्या थाटांत म्हणून जगभर पोंचविलें. आमच्या पालकांपैकीं कित्येकांनीं तें कॅसेटवर ऐकलें असेल, आणि त्यावर लग्नांत किंवा स्नेहसंमेलनांत पावलेंही टाकिलीं असतील. तें गाणें बहुतांशीं स्तोत्रसंहितेंतील १३७ वें स्तोत्र आहे, हें किती जणांच्या ध्यानांत आलें? ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांत यरुशलेम पडलें आणि यहूदी लोक कैद होऊन बाबेलास नेले गेले. त्या प्रसंगाचें हें स्तोत्र. नदीकांठीं बसून मायदेशाच्या आठवणीनें रडणारे, वाद्यें झाडांना टांगून ठेविलेले ते लोक. आणि त्यांच्यापुढें उभे राहून, तुमच्याकडचें एखादें गाणें म्हणून आमची करमणूक करा, असें फर्माविणारे त्यांचे धनी. जमेकाच्या गायकांनीं या स्तोत्रांत आपली स्थिति पाहिली. आपल्या पूर्वजांस जहाजांत कोंबून आणणारी, आणि पुढें पोलिसांच्या काठीनें व मालकाच्या हिशेबवहीनें बोलणारी जी सत्ता, तिला ते 'बाबेल' म्हणतात. आणि सियोन म्हणजे त्यांच्या मनांतील आफ्रिका. हे दोन शब्द रेगेच्या गाण्यांत पदोपदीं येतात.

विद्यार्थ्यांनो, या स्तोत्रांत दोन पक्ष आहेत: एक गाणारांचा आणि एक फर्माईश करणारांचा. शब्दांकडे कानाडोळा करून, 'डोकें थंड ठेवणारा आवाज' म्हणून जो हें संगीत दोन-दोन तास लावून ठेवितो, तो यांपैकीं कोणत्या पक्षांत जाऊन बसला, याचा विचार करावा. तुमचा हेतु वाईट नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु ज्या गाण्यांत माणसें आपलें दुःख सांगत आहेत त्यांस पंख्याच्या घरघरीची जागा द्यावी, हें आमच्या मनास बरें वाटत नाहीं.

बॉब मार्ले (१९४५–१९८१) याच्या एका गाण्याचें उदाहरण घ्या. 'थ्री लिटल बर्ड्स' हें गाणें या विसाव्याच्या संग्रहांत बहुधा असतेंच. दाराशीं आलेल्या तीन पांखरांचें तें गाणें. काळजी करूं नको, सर्व ठीक होईल, असा त्याचा भाव आहे. लहान मुलासही समजेल असें तें सोपें आहे, आणि ऐकणारास वाटतें कीं, सुखवस्तु माणसानें दुपारच्या झोपेनंतर हें रचिलें असावें. वस्तुस्थिति अशी कीं, ३ डिसेंबर १९७६ रोजीं रात्रीं मार्लेच्या किंग्स्टन येथील घरांत बंदूकधारी शिरले. तो, त्याची पत्नी आणि त्याचा व्यवस्थापक हे गोळ्यांनीं जखमी झाले. दोनच दिवसांनीं तो ठरल्याप्रमाणें हजारों श्रोत्यांपुढें उभा राहून गायला. नंतर त्यानें देश सोडिला व लंडनमध्यें मुक्काम केला. त्या मुक्कामांत १९७७ त जो गीतसंग्रह निघाला त्याचें नांव 'एक्झोडस', म्हणजे निर्गम. आणि तीं तीन पांखरें त्याच संग्रहांत आहेत. पुढच्या वर्षीं तो मायदेशीं परत आला, आणि एप्रिलांत ज्यांच्या पक्षांचे लोक एकमेकांवर गोळ्या झाडीत होते त्या मायकेल मॅनली व एडवर्ड सियागा या दोन पुढाऱ्यांचे हात त्यानें रंगमंचावर सर्वांच्या देखत एकत्र धरिले. काळजी करूं नको, हे शब्द ज्याच्या अंगांत गोळी शिरली त्याच्या तोंडून येतात तेव्हां त्यांचें वजन निराळें असतें. हें ठाऊक असून तें गाणें ऐकलें तर विसावा कमी मिळत नाहीं, अधिकच मिळतो, असा आमचा अनुभव आहे.

हें कांहीं परदेशाचेंच नवल आहे असें नव्हे. पहाटे जात्यावर बसून आपल्या आज्या-पणज्यांनीं ज्या ओव्या म्हटल्या त्यांची चाल अशीच मंद व डोळ्यांवर झोंप आणणारी आहे. मांडीवरचें लेंकरूं तिनें खरोखरच झोंपीं जाई. परंतु त्या ओव्यांचा अर्थ पाहूं गेलें तर झोंप उडते: सासरचा जाच, माहेरचा दुरावा, दुष्काळ, सवत, न सांगतां येणारें दुखणें. हेमा राईरकर व गी पॉयटेवें या दोघांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखावर ओव्या जमविल्या. त्या चाळून पाहाव्या म्हणजे आम्ही म्हणतों तें ध्यानांत येईल. दळणारी बाई जात्याच्या फेऱ्याशीं आपला श्वास जुळवून घेई व त्या श्वासांतच आपलें गाऱ्हाणें सांगे. चाल मऊ आणि बोल कठोर, हा संयोग कष्टकरी माणसांनीं सगळीकडे साधलेला दिसतो. रेगेला युनेस्कोनें २०१८ सालीं मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. जात्यावरच्या ओवीला मात्र आमच्या घरांतच जागा राहिली नाहीं, कारण जातेंच राहिलें नाहीं.

पालकांच्या आक्षेपांस आतां थोडक्यांत उत्तर देतों. गांजाविषयीं आमचें मत कोणत्याही सोलापूरकर बापापेक्षां सौम्य नाहीं. आपल्या देशांत १९८५ च्या कायद्यानें तो बाळगणें हा गुन्हा आहे, आणि कोंवळ्या वयांत त्याची संवय किती घात करिते हें निराळें सांगावयास नको. मार्ले व त्याच्यासारखे पुष्कळ गायक ज्या रास्ताफारी पंथाचे होते त्या पंथांत गांजा पवित्र मानितात, आणि १९३० सालीं राज्यावर बसलेल्या हबशी सम्राट हैले सेलासी यास देवाच्या ठायीं मानितात. यांपैकीं कोणतीच गोष्ट आम्हांस मान्य नाहीं. परंतु 'गांजा' हा शब्द जमेकाच्या भाषेंत गेला तो आपल्याच देशाच्या मजुरांबरोबर, हें पालकांनीं विसरूं नये. शिवाय चिलीम ओढणारे बैरागीही भजन म्हणतात; तेवढ्यासाठीं भजन कोणीं टाकिलें नाहीं. गाणें आणि गाणाराची संवय यांत भेद करणें ज्या मुलाला शिकविलें त्याला पुढें पुष्कळ ठिकाणीं उपयोग होतो.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. ज्या पेटीवांचून आपलें भजन किंवा कीर्तन उभें राहत नाहीं तिचें पेटंट १८४२ सालीं पॅरिसमध्यें देबें नांवाच्या गृहस्थानें घेतलें होतें. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं उलट दिशेनें तेंच केलें: परकी वाटणारी उपासना अभंगांत व भजनांत बसविली, आणि ती इथलीच झाली. रेगेही आतां आपल्या दारापर्यंत आलें आहे. दिल्लीच्या 'रेगे राजाज' या मंडळीनें २०१६ पासून गोव्याच्या किनाऱ्यावर 'गोवा सनस्प्लॅश' नांवाचा रेगेचा उत्सव भरविण्यास आरंभ केला. तेव्हां तें दाराबाहेर ठेवणें तुमच्या-आमच्या हातीं राहिलेलें नाहीं. तें कसें ऐकावें, हें ठरविणें मात्र आहे.

आमची सूचना अशी. अभ्यास चालू असतां हें संगीत, किंबहुना शब्द असलेलें कोणतेंच संगीत, लावूं नये. एकाच वेळीं दोन माणसें बोलत असतां दोघांचेंही नीट ऐकूं येत नाहीं, तसेंच पुस्तकाचें व गाण्याचें होतें. दिवस मावळल्यावर, गच्चीवर किंवा अंगणांत पाणी शिंपडून झालें म्हणजे, अर्धा तास पुस्तक मिटावें. इयरफोन काढून ठेवावा आणि गाणें घरांतल्या सर्वांस ऐकूं येईल असें, पण शेजाऱ्यास ऐकूं जाणार नाहीं असें लावावें. एका संध्याकाळीं एकच गाणें पुरे. त्याचे शब्द लिहून घ्यावे, अडले तेथें शब्दकोश पाहावा; जमेकाची इंग्रजी पुस्तकी इंग्रजीहून निराळी आहे, तेव्हां अडेल पुष्कळ. 'बाबेल' आला तर १३७ वें स्तोत्र काढून वाचावें. मग आजीला एखादी ओवी आठवते काय तें विचारावें. आठवली तर ती याच मोबाईलवर नोंदून ठेवावी, तेवढें काम त्या यंत्राकडून घेण्यास आमची हरकत नाहीं. वडिलांस भजनाचा नाद असेल तर पुढची पाळी त्यांची.

आणि बँडच्या तासाविषयींची ती सूचना येत्या सभेंत पुन्हां यावयाची असेल, तर सूचना करणारांनीं तत्पूर्वीं स्कॅटलाइट्सचें एखादें वादन ऐकून यावें. त्यांच्या बहुतेक वादनांत शब्द नाहींत, तेव्हां शब्दकोशही लागणार नाहीं.